डेल्टा १०१०एलटी साउंड कार्ड : देण्यापूर्वीच्या आणि देतानाच्या नोंदी

२४ ऑगस्ट २०२५

पोळा आणि तान्हा पोळा आटोपल्यावर भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या बंद स्टुडिओतील सामानाची आवराआवर हाती घेतली. बहुतेक वस्तूंचा निर्णय जागेवरच झाला. फुटलेले स्पीकर आणि निकामी सीडी रायटर भंगारात जातील, माईकचे स्टँड शेजारच्या भजन मंडळाकडे जातील. विचार करावा लागला तो फक्त एम-ऑडिओ कंपनीच्या डेल्टा १०१०एलटी या साउंड कार्डाचा.

हे कार्ड संगणकाच्या पीसीआय खाचेत बसते. त्यातून एकाच वेळी आठ स्वतंत्र आवाज आत घेता येतात आणि आठ बाहेर देता येतात. शिवाय डिजिटल आवाजाची एक जोडी आणि मिडीची, म्हणजे कीबोर्डसारखी वाद्ये जोडण्याची, सोय आहे. नोंदणीची क्षमता २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झपर्यंत आहे. खंजिरी भजने, काकडआरती आणि लग्नातल्या मंगलाष्टकांपासून निवडणुकीच्या प्रचारगीतांपर्यंत जे काही या खोलीत ध्वनिमुद्रित झाले, ते याच कार्डातून गेले. आता माझे काम लॅपटॉपवर आणि यूएसबीच्या लहान पेटीवर चालते, आणि लॅपटॉपला पीसीआय खाच नसते. कार्डात मात्र काहीही बिघाड नाही.

पैसे घ्यायचे नाहीत, हे आधीच ठरले होते. त्याबरोबर आणखी एक गोष्ट आज ठरवली, ती अशी की कार्ड सुटे द्यायचे नाही. ज्याला ते मिळेल त्याच्याकडे ते बसवण्यासारखा संगणक नसेल, त्याच्या वायरी कशाला जोडायच्या हे त्याला ठाऊक नसेल आणि आजच्या विंडोजवर ते चालवण्यासाठी लागणारे ड्रायव्हर त्याला सापडणार नसतील, तर ते कपाटावर जाऊन पडेल आणि आपण एक वस्तू दिल्याचे समाधान तेवढे मिळवू. म्हणून संगणक, वायरी आणि कार्यप्रणाली यांच्यासह चालता संच तयार करायचा आणि तोच द्यायचा.

३० ऑगस्ट

आज कार्ड जुन्या संगणकातून काढून तपासले.

१०१०एलटीचा थोरला भाऊ म्हणजे डेल्टा १०१०. त्याच्याबरोबर रॅकमध्ये बसणारी वेगळी पेटी येत असे आणि सगळी ॲनालॉग जोडणी त्या पेटीवर असे. एलटीमध्ये ती पेटी वगळून किंमत उतरवली होती, त्यामुळे कार्डाच्या पाठीमागून वायरींचे दोन झुबके लोंबतात. एका झुबक्यात ॲनालॉग आवाजाच्या वायरी आणि दुसऱ्यात डिजिटल, मिडी व वर्ड क्लॉक (डिजिटल यंत्रांचा ताल जुळवणारा संकेत). ॲनालॉग झुबक्यात आत येणाऱ्या आठ वायरी आहेत, त्यांपैकी पहिल्या दोन एक्सएलआर असून त्यांना माईकसाठी प्रीॲम्प आहे, उरलेल्या सहा आरसीए लाइन पातळीच्या आहेत. बाहेर जाणाऱ्या आठही आरसीए. म्हणजे एकाच झुबक्यातून सारख्याच दिसणाऱ्या चौदा आरसीए पिना बाहेर पडतात, आणि त्यांच्यावरची छापील अक्षरे इतक्या वर्षांच्या हाताळणीने पुसली गेली आहेत.

हा झुबका हरवला किंवा आत कुठे तुटला तर कार्डाचा काही उपयोग उरत नाही, कारण त्याची कनेक्टर बाजारात सहज मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक वायर मल्टिमीटरने कनेक्टरपासून पिनेपर्यंत तपासली. सगळ्या शाबूत निघाल्या. त्यानंतर पांढरी कापडी पट्टी गुंडाळून प्रत्येकीवर मराठीत ‘आत ३’, ‘आत ४’, ‘बाहेर १’ असे पक्क्या शाईने लिहिले आणि आत येणाऱ्या सर्व पिनांच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचे वळे काढले. रात्री मंडपात बल्बच्या उजेडात अक्षर दिसले नाही तरी लाल रंग दिसतो.

कार्डाच्या खालच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. आपल्याकडे दुरुस्तीच्या दुकानात हे काम सर्रास खोडरबराने करतात. त्याने पट्टी चकचकीत होते खरी, पण सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत साचतो, म्हणून मी ते टाळतो. एक्सएलआरच्या दोन्ही वाटांसाठी कार्डावर जंपर आहेत, ते माईकच्या जागी ठेवले.

या कार्डात ४८ व्होल्टचा फॅन्टम पुरवठा, म्हणजे माईकला त्याच्याच वायरीतून मिळणारी वीज, नाही. कंडेन्सर माईक थेट जोडल्यास तो मुकाच राहील. साधे डायनॅमिक माईक चालतील. हे घेणाऱ्याच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहायचे आहे.

७ सप्टेंबर

संगणकाचा शोध. वाटले होते त्यापेक्षा हा भाग अवघड गेला.

पीसीआय ही १९९० च्या दशकातली जोडणी आहे. २००४ च्या सुमारास पीसीआय एक्स्प्रेस आली आणि पुढच्या काही वर्षांत मदरबोर्डवरच्या जुन्या खाचा एकेक करून नाहीशा झाल्या. दोन्हींची नावे सारखी असली तरी खाचा वेगळ्या आहेत आणि एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही. नंतरच्या काही बोर्डांवर पीसीआयची एखादी खाच दिसते, पण त्यांपैकी अनेकांत ती चिपसेटमधून आलेली नसून मध्ये एक पूल-चिप बसवून दिलेली असते. ॲसमीडियाची एएसएम१०८३ ही त्यांतली बरीच वापरली गेलेली चिप. तिच्यात इंटरप्ट, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक, अडकून राहण्याचा दोष आहे, आणि लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवर तो ‘या इंटरप्टकडे कोणी लक्ष दिले नाही’ अशा अर्थाच्या संदेशाने प्रकट होतो. प्रिंटरच्या कार्डाला असा दोष एक वेळ चालून जाईल. साउंड कार्डाला चालत नाही, कारण ध्वनिमुद्रणात क्षणभर जरी खंड पडला तरी तो कायमचा फाइलमध्ये बसतो.

ओळखीच्या एकाने तिसऱ्या पिढीचा आय-थ्री संगणक देऊ केला होता. तो वेगाने उजवा होता, पण त्याची पीसीआय खाच अशाच पुलावरची निघाली. त्याला आभारपूर्वक नकार दिला आणि एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या ढिगातून इंटेल जी४१ चिपसेटचा जुना संच उचलला. या बोर्डांत आयसीएच७ ही साउथब्रिज चिप असते आणि पीसीआय तिच्यातूनच थेट येते. प्रोसेसर कोर टू ड्युओ. लोकांना हे यंत्र आज टाकाऊ वाटते, पण आठ ट्रॅक फक्त लिहून घेण्यासाठी प्रोसेसरला फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते नंतर संस्कार करताना, आणि ते काम दुसऱ्या यंत्रावरही करता येते.

९ सप्टेंबर

बोर्डावरील दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले होते, ते बदलले. सीआर२०३२ सेल नवा घातला. प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट काढून नवी लावली. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी पेटी, बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण पंखा फिरत होता पण लोड आला की ५ व्होल्टची ओळ खाली बसत होती.

१४ सप्टेंबर

आज कार्यप्रणाली. विंडोज घालायचे नाही, हा निर्णय पक्का केला. या कार्डांचे कंपनीचे ड्रायव्हर विंडोज ७ च्या काळात थांबले. एम-ऑडिओ ही कंपनी आधी मिडीमॅन या नावाने ओळखली जात होती, २००४ मध्ये ती ॲव्हिडने घेतली आणि २०१२ मध्ये इनम्युझिककडे गेली. अशा हातबदलांत जुन्या वस्तूंची काळजी मागे पडते, यात नवल नाही. शिवाय विंडोज १० ला मिळणारा आधारही येत्या १४ ऑक्टोबरला संपणार आहे, म्हणजे त्यावर आज जुगाड करून दिले तरी ते पुढे कोणी सांभाळणार नाही.

लिनक्समध्ये परिस्थिती नेमकी उलट आहे. या कार्डावरची मुख्य चिप आयसीई१७१२ असून एन्व्ही२४ या नावाने ती प्रसिद्ध आहे. ती मुळात आयसी एन्सेम्बल या कंपनीची, पुढे व्हियाकडे गेली. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच वर्षानुवर्षे आहे, त्यामुळे वेगळी सीडी शोधावी लागत नाही. गेल्या महिन्यात आलेली डेबियन १३ ही लिनक्सची आवृत्ती टाकली, संगणक पुन्हा सुरू केला आणि एलएसपीसीआय या आदेशाने यादी मागितली, तर चिपचे नाव पहिल्याच खेपेस दिसले.

एक गोष्ट ठाऊक नसेल तर इथे नवखा माणूस गोंधळतो. ही चिप आवाज आत घेताना बारा वाटा एकदम उघडते आणि बाहेर देताना दहा. पहिल्या आठ वाटा ॲनालॉगच्या, नववी व दहावी डिजिटल जोडीच्या, आणि अकरावी-बारावी तिच्या स्वतःच्या अंतर्गत मिक्सरची बेरीज. साध्या वापरासाठी बनवलेली प्रणाली तिला दोन कानांचे कार्ड समजून बसते आणि मग ‘आवाजच येत नाही’ अशी तक्रार होते. पाइपवायर या लिनक्समधल्या आवाज हाताळणाऱ्या प्रणालीत या कार्डासाठी ‘प्रो ऑडिओ’ हा पर्याय निवडला की बाराही वाटा वेगवेगळ्या दिसतात. अंतर्गत मिक्सरसाठी एन्व्ही२४कंट्रोल हे साधन टाकले. दिसायला ते ओबडधोबड आहे, पण आठही वाटांच्या पट्ट्या एका नजरेत दाखवते.

ध्वनिमुद्रणासाठी आर्डर हे सॉफ्टवेअर घेतले. नमुनादर ४८ किलोहर्ट्झ ठेवला. ९६ वर नेले तर फाइली दुप्पट होतात आणि मंडपातल्या ढोलकीला त्याचा फायदा काही होत नाही. बफर १०२४ चौकटींचा ठेवला, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर. गायकाला कानात स्वतःचा आवाज संगणकातून फिरवून ऐकवायचा असता तर तो जाचला असता. इथे गायक मंडपाच्या स्पीकरवरूनच ऐकणार असल्याने उशीर कमी करण्यापेक्षा खंड न पडणे महत्त्वाचे.

बाहेरची वाट आतल्या वाटेला जोडून आठही वाटांवर एकेक सूर फिरवून पाहिला. सगळ्या बोलत्या आहेत. २४ बिटच्या गणिताने १४४ डेसिबलचा पल्ला निघतो, पण तो कागदावरचा. प्रत्यक्षात ॲनालॉग भागामुळे अशी कार्डे १०० च्या आसपास थांबतात, आणि गावच्या मंडपात जनरेटर धडधडत असताना तेवढेही वापरले जात नाही. २४ बिटचा खरा फायदा एवढाच, की पातळी भरपूर खाली ठेवून निर्धास्तपणे मुद्रण करता येते आणि गायकाने अचानक आवाज चढवला तरी तो फाटत नाही.

२० सप्टेंबर

कार्ड द्यायचे आहे ही बातमी कानोकानी गेली आणि मागणी येऊ लागली. एवढी येईल असे वाटले नव्हते.

तुमसरकडचा एक तरुण गाणी करतो, स्वतःच गातो, स्वतःच वाजवतो. त्याच्याकडे लॅपटॉप आहे. त्याला स्पष्ट सांगितले की एका गळ्याला आणि एका गिटारीला आठ वाटांची गरज नाही. दोन वाटांची नवी यूएसबी पेटी त्याला कमी जागेत, फॅन्टम पुरवठ्यासह, कमी डोकेदुखीत जास्त उपयोगी पडेल. त्याला ते पटले. लग्नात साउंड लावणाऱ्या एकाला बाहेर जाणाऱ्या आठ वाटांचे आकर्षण होते, पण त्याला गाणी वाजवायची होती, मुद्रण करायचे नव्हते. जिल्हा परिषद शाळेतील एका गुरुजींना ऑनलाइन तासांसाठी आवाज स्वच्छ हवा होता. त्यांना माझ्याकडचा यूएसबी हेडसेट दिला आणि त्यांचे काम तेवढ्यावर भागले. पुण्याहून एकाने सुट्या कार्डाचे पैसे देऊ केले. भंगारवाल्याने ते हातात धरून वजन केले.

या सगळ्यांना नाही म्हणताना एक गोष्ट माझ्यापुरती स्पष्ट झाली. या कार्डाची किंमत त्याच्या आवाजाच्या दर्जात उरलेली नाही, कारण तेवढा दर्जा आज कोणतीही बरी यूएसबी पेटी देते. ती उरली आहे एकाच वेळी आठ आवाज वेगवेगळे पकडण्यात. आठ वाटांची नवी पेटी आजही गावातल्या मंडळाच्या आवाक्याबाहेर आहे. तेव्हा ज्याच्यासमोर आठ आवाज एकदम वाजतात, त्यालाच हे जावे.

आणि पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत असे लोक कमी नाहीत. वडशाच्या नाटक कंपन्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा हंगाम आणि व्यवहार मोठा आहे. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर तर झाडीपट्टी रंगभूमीचे नाव दूरवर पोचले. पण दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये करणाऱ्या गावोगावच्या मंडळ्यांचे जे काही मुद्रण आहे, ते बहुतेक मोबाइलवरचे. त्यात ढोलकी सगळ्यांना खाऊन टाकते, तुणतुणे ऐकूच येत नाही आणि शाहिरांचा शब्द कळत नाही. नंतर दुरुस्तीही शक्य नसते, कारण सगळे एकाच डबक्यात पडलेले असते.

२८ सप्टेंबर

लाखांदूर तालुक्यातील एका खडी गंमत मंडळीकडे जाऊन आलो. हलका धान कापणीला येत असल्याने माणसे दिवसा बांधीत (धानाच्या शेतात) असतात, म्हणून तालीम रात्री शाहिरांच्या अंगणात होती.

मी काही सांगण्याआधी त्यांचे सगळे ऐकून घेतले. गण झाला, गवळण झाली, मग झगडा. मंडळीकडे स्वतःचा आठ चॅनेलचा मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि आहुजाचे माईक आहेत, आणि मिक्सरच्या प्रत्येक माईक-चॅनेलवर इन्सर्टचे छिद्र आहे, म्हणजे तिथून त्या चॅनेलचा आवाज वेगळा बाहेर काढता येतो. हे दिसल्यावर अर्धा प्रश्न सुटला. शाहीर, झीलकरी (मागून सूर धरणारे), ढोलकीची शाईची बाजू, ढोलकीची धुमाची बाजू, चोनके आणि टाळ अशा सहा जागी त्यांचे माईक असतातच. म्हणजे सहा वाटा मिक्सरमधून. उरल्या कार्डाच्या दोन माईक-वाटा, आणि उरले दोनच आवाज, जे मंडपाच्या स्पीकरवर कधी जात नाहीत: एक तुणतुणे आणि दुसरा समोर बसलेल्या लोकांचा. दोन माईक अधिक सहा लाइन, कार्डाची रचना आणि मंडळीची गरज इतकी नेमकी जुळेल असे मी घरून निघताना धरून चाललो नव्हतो.

शाहिरांनी वायरींच्या झुबक्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “काहून जी भाऊ, एवढे वायर कायले? मोबाइलले तं एकबी नाई लागत.”

मी म्हटले, “शाहीर, मोबाइलमध्ये तुमची ढोलकी आणि तुमचा शब्द एकत्र कालवला जातो. यात दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत राहतील.”

ते हसून म्हणाले, “मंग आमच्या ढोलकीवाल्याले आधी दाखवा. त्याले वाटते सारे लोक त्यालेच आयकाले येतेत.”

त्यांची नात साकोलीच्या महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकते. तिने तोवर मिक्सरच्या मागची बाजू वहीत काढून घेतली होती. तिने विचारले, “काका, इन्सर्टमधून आवाज घेतला तर स्पीकरचा आवाज बंद तर नाही होणार?” संच कोणाच्या हाती द्यायचा, हे मी त्या प्रश्नावरून ठरवले.

५ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर वायरी तयार करायला बसलो. शाहिरांच्या नातीच्या प्रश्नाचे उत्तर याच कामात आहे.

मिक्सरचे इन्सर्ट हे तीन भागांच्या जॅकचे छिद्र असते. टोकातून आवाज बाहेर जातो, मधल्या कड्यातून परत येतो आणि बूड जमिनीचे. त्यात तीन भागांचा जॅक नुसता खुपसला तर बाहेर गेलेला आवाज परत येत नाही आणि तो चॅनेल स्पीकरवर गप्प होतो. म्हणून जॅकच्या आत टोक आणि कडे तांब्याच्या छोट्या तुकड्याने एकमेकांना जोडले, त्याच जोडावर वायरीचे मधले तार आणि बुडावर जाळी डकवली, आणि दुसऱ्या टोकाला आरसीए लावली. आता आवाज गेल्या वाटेने परतही येतो आणि जाता जाता कार्डालाही मिळतो. काही लोक दोन भागांचा जॅक अर्धाच आत ढकलून पहिल्या ‘टक’वर थांबवतात, त्यानेही काम होते, पण नाचताना कोणाचा पाय वायरीला लागला की जॅक पूर्ण आत जातो किंवा बाहेर येतो, आणि ऐन रंगात आलेल्या वगात शाहिरांचा आवाज बंद पडतो.

जॅक आणि जाळीची वायर नागपूरला सीताबर्डीवरून आणलेली होती. डाग देताना जॅकचे बूड फार तापले तर आतले प्लास्टिक वितळते आणि टोक सैल होते, म्हणून प्रत्येक जॅक आधी एका जुन्या सॉकेटमध्ये बसवून मग त्याला डाग दिला; त्यामुळे भाग जागचे हलत नाहीत.

दुसरा फायदा असा की बहुतेक मिक्सरांत इन्सर्ट हे फेडरच्या आणि टोनच्या बटणांच्या आधी येते. मिक्सरवाल्याने मंडपासाठी फेडर वरखाली केले तरी मुद्रणावर त्याचा परिणाम होत नाही. गेनच्या बटणाचा मात्र होतो. तेव्हा गेन एकदा बसवला की त्यावर चिकटपट्टी लावायची, असे कागदावर लिहिले.

१२ ऑक्टोबर

संच मंडळीच्या घरी नेऊन जोडला आणि अपेक्षेप्रमाणे घुमणे सुरू झाले. पन्नास हर्ट्झचा जाड, सलग हं.

आरसीए वायर असंतुलित असते, म्हणजे तिची जाळी एकाच वेळी कवच असते आणि आवाजाच्या परतीचा मार्गही. मिक्सर आणि संगणक दोन वेगळ्या ठिकाणी वीज घेत असतील तर दोघांच्या जमिनीतला फरक या जाळीतून वाहतो आणि ऐकू येतो. दोन्ही एकाच बोर्डावर आणल्यावर घुमणे बरेच उतरले, पूर्ण गेले नाही.

तेवढ्यात नातीने संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. हाताला मुंग्या आल्या म्हणाली. हे घुमण्यापेक्षा गंभीर होते. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीसाठी दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटकडे लावलेले असतात. तिसऱ्या पिनेला खरी अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. ती नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तीच जाळी पुढे मिक्सरला आणि मिक्सरवरून माईकच्या धातूच्या तोंडापर्यंत गेलेली आहे, आणि शाहीर गाताना त्याला ओठ लावतात. उद्या एखाद्या उपकरणात खरा बिघाड झाला तर हा प्रवाह थोडा राहणार नाही.

टेस्ट लॅम्प फेज आणि तिसऱ्या छिद्रात धरला, तो लागला नाही. बोर्डामागे पाहिले तर हिरवी तार कापून गुंडाळून ठेवलेली होती. घुमणे घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला गावोगावी दिला जातो, आणि त्याने आवाज स्वच्छ झाल्याचा भास होतो. तो सल्ला कोणीही ऐकू नये. गावातल्या वायरमनला बोलावले. विहिरीजवळच्या ओल्या जागी खड्डा घेऊन, कोळसा-मिठाचे थर देऊन त्याने नळी पुरली आणि तार आत आणली. लॅम्प लख्ख लागला, कॅबिनेटच्या मुंग्या गेल्या. उरलेले घुमणे शाहीर आणि झीलकरी यांच्या वाटांवर लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर ऐकू येईनासे झाले. साजांच्या चारही वाटा त्याशिवायच चालल्या.

लोडशेडिंगसाठी मंडळीकडे इन्व्हर्टर आहे, पण त्याची लहर चौकोनी असल्याने त्यावर संगणक चालवला की आवाजात करकर येते. तालमीला चालेल. मुद्रण विजेवर किंवा जनरेटरवर, मध्ये यूपीएस ठेवून.

२६ ऑक्टोबर

भाऊबीज झाली आणि मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या जत्रांचे, दिवस लागले. काल रात्री मंडळीच्या स्वतःच्या गावी मंडई होती आणि तिथेच पहिले मुद्रण झाले.

मी मंडपात होतो, पण संगणकासमोर बसलो नाही. शाहिरांच्या नातीने आणि ढोलकीवाल्याच्या धाकट्या भावाने सगळे जोडले. लाल वळे असलेल्या पिना आत, बाकीच्या मोकळ्या. पातळी बसवताना तिने प्रत्येकाला एकेक करून वाजवायला लावले. टाळवाल्याने सुरुवातीला हळू वाजवले. तिने त्याला “मंडईत वाजवता तसे वाजवा ना, मामा” असे म्हटल्यावर पट्टी एकदम लाल झाली, मग गेन खाली आणला. हे मी तिला सांगितलेले नव्हते.

रात्रभरात सुमारे सहा तास मुद्रण झाले. आठ वाटा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ या हिशोबाने तासाला साधारण ४.१५ गिगाबाइट होतात, म्हणजे रात्रीचे २५ च्या आसपास. आर्डर मूळ ठरावाप्रमाणे ३२ बिटच्या फाइली लिहितो आणि तेव्हा हा आकडा तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, म्हणून ते आधीच २४ वर आणले होते. आठही आवाज एकाच वेव्ह फाइलमध्ये लिहिणारी साधी साधने इथे उपयोगाची नाहीत, कारण त्या फाइलीची मर्यादा ४ गिगाबाइटची असते आणि आठ वाटांत ती तासाभरातच भरते. आर्डर प्रत्येक वाटेची वेगळी फाइल करतो, तिला तीच मर्यादा आठ तासांहून अधिक पुरते. मंडई पहाटेपर्यंत चालते, तेव्हा हा फरक नुसता कागदी नाही.

सकाळी सगळ्यांनी बसून ऐकले. ढोलकी पूर्ण बंद करून फक्त तुणतुणे आणि शाहिरांचा शब्द लावला तेव्हा शाहिरांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. एका ओळीत ते शब्द गाळतात हे त्यांना त्यातून कळले, आणि यमक का लंगडते याचाही उलगडा झाला. ढोलकीवाल्याने मग त्याची शाई आणि धूम वेगवेगळी ऐकण्याचा हट्ट धरला. त्याला अर्धा तास कोणी उठवू शकले नाही.

२ नोव्हेंबर

हस्तांतरण पूर्ण. संचाबरोबर चार पानांचा कागद दिला. कार्ड दिसेनासे झाले तर आधी संगणक बंद करून, वीज काढून, कार्ड खाचेतून काढून परत बसवायचे, तारीख मागे गेलेली दिसली तर सेल बदलायचा, फॅन्टम नाही, तिसरी पिन तोडायची नाही, गेनवर चिकटपट्टी. मुद्रण झाले की त्याच दिवशी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, कारण संगणकातली हार्ड डिस्क जुनी आहे आणि ती कधी जाईल ते सांगता येत नाही. बाहेरची डिस्क मंडळीने मंडईच्या बिदागीतून स्वतः घेतली.

डिजिटल व मिडीचा झुबका त्यांना लागत नाही, तरी तोही डब्यात घालून दिला. अर्धा संच माझ्याकडे आणि अर्धा त्यांच्याकडे राहिला तर पुढे ज्याला तो लागेल त्याला तो सापडणार नाही. मदरबोर्डचे काढलेले कपॅसिटर आणि जुना एसएमपीएस ई-कचऱ्यात वेगळे ठेवले आहेत.

शाहिरांच्या नातीचा आज दुपारी फोन आला. पवनीकडच्या एका दंडार मंडळीला त्यांचे मुद्रण करून हवे आहे, आणि तिथे मिक्सरला इन्सर्टची छिद्रे नाहीत. तिला ऑक्झिलरीच्या वाटेतून दोन आवाज, टेप-आउटमधून एकत्रित जोडी आणि दोन माईक थेट, असे सहा वाटांचे जोडणीचित्र काढून पाठवले आहे. माईकवरची लांब वायर एक्सएलआरचीच ठेवायला सांगितले आहे. आरसीएची वायर हातभरापेक्षा लांब करायची नाही.